परदेशी पशुवैद्यक शिक्षण आणि प्रवेशाची सल्लासेवा : डिचोलीहून एका आईचा अभिप्राय

हा अभिप्राय दोन गोष्टींविषयी आहे. परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळवून देणाऱ्या पणजीतील एका सल्लागार कार्यालयाची सेवा आम्ही २०१८ मध्ये घेतली, ती एक. आणि काही अंशी त्या सेवेच्या मदतीने, पण बऱ्याच अंशी स्वतःच्या धडपडीने आमच्या मुलीने २०१९ ते २०२४ या काळात ब्रिटनमध्ये पूर्ण केलेला पाच वर्षांचा पशुवैद्यक अभ्यासक्रम, ही दुसरी. कार्यालयाचे व विद्यापीठाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण अनुभव एका कुटुंबाचा आहे आणि अशा ठिकाणची माणसे बदलत असतात. मी डिचोलीत मराठीची शिक्षिका आहे, यजमानांचा काजूचा लहानसा कारखाना आहे, आणि आमच्या घरातून शिक्षणासाठी परदेशी गेलेले हे पहिलेच माणूस. त्यामुळे ज्यांना विचारावे असे आमच्या ओळखीत कोणी नव्हते. आज दर महिन्याला दोन-तीन पालक मला फोन करून तेच प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे माहेर सत्तरी तालुक्यात आहे. भावाच्या गोठ्यात पाच-सहा गायी कायम असत आणि मुलीची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी तिथेच जाई. गोचीड काढणे, वासराला पहिला चीक पाजणे, कास सुजून दगडी झाली की गरम पाण्याने शेकणे, ही कामे तिला पाठ्यपुस्तकाआधी येत होती. २०१८ मध्ये ती बारावी झाली तेव्हा गोव्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नव्हते. बाहेरच्या राज्यांतील महाविद्यालयांत गोव्याच्या मुलांना मोजक्याच जागा मिळत. तिला १८८६ साली सुरू झालेल्या मुंबईच्या परळच्या महाविद्यालयात जायचे होते, पण थोड्या गुणांनी संधी हुकली. त्याच पावसाळ्यानंतर ती कुत्र्यांना रेबीजची लस देणाऱ्या मोहिमेत स्वयंसेवक म्हणून जाऊ लागली. मिशन रेबीज या संस्थेच्या या कामासाठी ब्रिटनमधील पशुवैद्यक विद्यार्थी गोव्यात येत असतात. खांद्यावर जाळे घेऊन वाड्यावाड्यांतून फिरणाऱ्या त्या मुलामुलींकडून तिला प्रथम कळले की तिकडे बारावीनंतर थेट या अभ्यासक्रमाला जाता येते. पुढे २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, देशातील पहिले राज्य म्हणून, तेव्हा ती तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती आणि तिच्या वर्गाला गोव्याचेच उदाहरण शिकवले गेले. मला त्याचा अभिमान वाटतो, हे लपवण्याचे कारण नाही.

आता सल्लागार कार्यालयाविषयी. कार्यालय नीटनेटके होते, माणसे अदबीने बोलत, आणि कागदपत्रांची यादी, पासपोर्ट, व्हिसाचा अर्ज, इंग्रजीच्या परीक्षेची नोंदणी या बाबतींत त्यांनी खरोखर श्रम वाचवले. इंग्रजीच्या परीक्षेत नऊपैकी साधारण सात गुणांची अट असते हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले आणि सरावासाठी जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या. क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला व्हिसाच्या आधी लागतो, बँकेतील रक्कम किती दिवस खात्यात राहिलेली असावी लागते, तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार संपूर्ण मुदतीचा एकदम आगाऊ भरावा लागतो, ही माहितीही वेळेवर मिळाली. मुलगी २०१९ मध्ये गेली त्या वेळी विद्यार्थ्यांसाठी हा अधिभार वर्षाला ३०० पौंड होता; २०२४ पासून तो ७७६ पौंड झाला आहे, तेव्हा आता जाणाऱ्यांनी हा आकडा अंदाजपत्रकात आधी लिहावा. एवढ्या कामापुरते मी त्यांना चांगले गुण देईन.

परंतु ज्या एका प्रश्नावर पुढची सगळी वर्षे अवलंबून होती, तो त्यांनी आम्हाला कधीच विचारला नाही. मुलगी पदवी घेऊन काम कुठे करणार आहे, हा तो प्रश्न. आम्ही आमच्या परीने विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘परदेशी डिग्री जगात कुठेही चालते.’ हे वाक्य चूक आहे. पशुवैद्यकाची पदवी कुठेही आपोआप चालत नाही. ज्या देशात जनावराच्या अंगाला औषधाची सुई लावायची, त्या देशाच्या नोंदवहीत नाव असावे लागते, आणि कोणती पदवी त्या नोंदवहीत घ्यायची हे प्रत्येक देशाची परिषद स्वतंत्रपणे ठरवते. आपल्याकडे १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. त्याच्या पहिल्या अनुसूचीत भारतातील मान्य पदव्या आहेत आणि दुसऱ्या अनुसूचीत परदेशातील. ज्या शाळेत मुलाला पाठवायचे आहे तिची पदवी, नेमक्या त्याच नावाने, दुसऱ्या अनुसूचीत आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी परिषदेकडून लेखी विचारून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहावी लागते. ब्रिटनमध्ये नोंदणी रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्सकडे होते. ही संस्था १८४४ पासून आहे आणि ती स्वतः कोणालाही शिकवत नाही, केवळ शाळांची पाहणी करते आणि पशुवैद्यांची नोंद ठेवते. १७९१ साली लंडनला निघालेले रॉयल व्हेटरिनरी कॉलेज ही मात्र शिकवणारी शाळा आहे. नावे इतकी सारखी आहेत की आमच्या सल्लागारांनीही एकदा दोन्हींची गल्लत केली. अमेरिकेत जायचे असेल तर तेथील पशुवैद्यक संघटनेने मान्यता दिलेली शाळा असणे फार सोयीचे पडते. मग ३६० प्रश्नांची परवाना परीक्षा, म्हणजे नॅव्हली, इतर अमेरिकी विद्यार्थ्यांप्रमाणेच देता येते. मान्यता नसेल तर आधी पात्रता सिद्ध करण्याची लांबलचक आणि महागडी वाट चालावी लागते. ब्रिटनमधील एडिंबरा, ग्लासगो आणि लंडनच्या शाळांना ही अमेरिकी मान्यता आहे. कॅरिबियन बेटांवरील सेंट किट्सच्या रॉस विद्यापीठाला आणि ग्रेनाडाच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठाला ती २०११ मध्ये मिळाली. युरोपीय संघात पशुवैद्यकाचे शिक्षण किमान पाच वर्षांचे असावे असा दंडक आहे. बुडापेस्टला १७८७ पासून चालत आलेली शाळा इंग्रजीतून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम शिकवते, स्लोव्हाकियातील कोशित्सेचा अभ्यासक्रम सहा वर्षांचा आहे, आणि तेथील शुल्क ब्रिटनच्या तुलनेत बरेच कमी असते. हे सारे आम्ही घरी बसून, विद्यापीठांना आणि परिषदांना पत्रे लिहून शोधले. सल्लागाराच्या टेबलावर ज्या शाळांची पत्रके होती, त्यांत यातील एकही नव्हती.

त्याचे कारण पुढे समजले. सल्ला मोफत असतो तेव्हा सल्लागाराचे उत्पन्न विद्यापीठाकडून मिळणाऱ्या दलालीतून येते, आणि ज्या शाळेशी करार आहे तीच शाळा पुढे केली जाते. यात बेकायदेशीर काही नाही. पण पालकाने ते जाणून खुर्चीवर बसावे. आमच्या मुलीला त्यांनी आधी प्राणिशास्त्राची पदवी, मग पाहू, असे सुचवले होते. तो मार्ग वाईट असतो असे नाही, पण पाच वर्षांचा खर्च त्यामुळे आठ वर्षांवर गेला असता.

अर्जाच्या पद्धतीत पशुवैद्यकाला स्वतंत्र वेळापत्रक आहे. ब्रिटनमधील सर्व अर्ज यूकास या एकाच खिडकीतून जातात. बहुतेक विषयांची मुदत जानेवारीत संपते. वैद्यक, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक यांची मात्र १५ ऑक्टोबरला. पाच पर्यायांपैकी पशुवैद्यकाला जास्तीत जास्त चार देता येतात, पाचवा दुसऱ्या विषयाचा ठेवता येतो. गोवा बोर्डाच्या बारावीला प्रत्येक विद्यापीठ सारखे वजन देत नाही. आम्ही चारही ठिकाणी गुणपत्रिका जोडून थेट पत्रे लिहिली तेव्हा एका शाळेने आधी पायाभूत वर्ष करण्यास सांगितले, बाकीच्यांनी बारावी स्वीकारली. सल्लागाराने मात्र ‘बारावी सगळीकडे चालते’ असे सांगितले होते. त्यांच्या बोलण्यावर राहिलो असतो तर चारपैकी एक पर्याय वाया गेला असता, आणि चारच पर्याय असताना एकाचे मोल मोठे असते.

सर्वांत अधिक खटकलेली गोष्ट अर्जासोबतच्या वैयक्तिक निवेदनाची. तेव्हा हे निवेदन ४,००० अक्षरांत लिहायचे असे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याऐवजी तीन ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. सल्लागाराने एक तयार मसुदा पाठवला. त्याची सुरुवात ‘लहानपणापासून मला प्राण्यांची आवड आहे’ अशी होती, मध्ये एक जखमी पक्षी होता आणि शेवटी जगाची सेवा. मी तीस वर्षे मुलांचे निबंध तपासत आहे. असा निबंध कोणी लिहिला तर तो वाचण्याआधीच मला त्याचा शेवट ठाऊक असतो. विद्यापीठात असे हजारो कागद वाचणाऱ्यांचे वेगळे काय होणार? आमच्या मुलीने तो मसुदा बाजूला ठेवला आणि सत्तरीतील माकडतापाविषयी लिहिले. २०१५ नंतर आमच्या माहेरच्या परिसरात या तापाने माणसे दगावली. जंगलात माकड मरून पडले की त्याच्या अंगावरील गोचीड भुकेने दुसरे अंग शोधतात, काजूच्या बागेत पाला गोळा करणाऱ्या बायकांना चावतात आणि ताप येतो. मेलेले माकड दिसताच कळवा, हे सांगत आरोग्य खात्याची माणसे वाड्यांवर फिरत होती. माझ्या भावजयीला लस घेताना पाहिलेल्या या मुलीला माणसाचे आणि जनावराचे आरोग्य वेगळे नसते हे कोणी शिकवावे लागले नव्हते. तिने तेवढेच लिहिले, साध्या इंग्रजीत. सल्लागाराने ‘फार स्थानिक आहे’ म्हणून नापसंती दाखवली. मुलाखतीत मात्र एका परीक्षकाने त्यावरच सर्वाधिक वेळ घेतला.

मुलाखतीत छोट्या छोट्या टप्प्यांवर वेगवेगळे परीक्षक असतात आणि प्रत्येक ठिकाणी काही मिनिटेच मिळतात. परदेशी उमेदवार म्हणून तिची मुलाखत संगणकावरून झाली. डिचोलीत त्या आठवड्यात विजेचा भरवसा नव्हता, म्हणून ती फोंड्याला माझ्या नणंदेच्या घरी बसली. अनुभवाची वही येथे उपयोगी पडते. तिने बारावीनंतरच्या वर्षात पंचायतीजवळच्या सरकारी पशुचिकित्सालयात, गोठ्यात, कुत्र्यांच्या निवाऱ्यात आणि लसीकरण मोहिमेत किती दिवस काम केले, काय पाहिले, काय समजले नाही, हे तारखेनुसार लिहून ठेवले होते. काय समजले नाही हा रकाना तिनेच काढलेला होता, आणि माझ्या मते पूर्ण वहीत तोच सर्वांत मोलाचा होता. ज्यांची मुले आज नववी-दहावीत आहेत त्यांनी अशी वही आजच सुरू करावी.

पैशांविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत संकोचाने अर्धवट माहिती दिली जाते. परदेशी विद्यार्थ्याला ब्रिटनमधील या अभ्यासक्रमाचे शुल्क वर्षाला तीस हजार पौंडांच्या वर जाते, राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. शुल्क दरवर्षी वाढते आणि रुपया घसरतो, ते आणखी वेगळे. मुलगी गेली तेव्हा पौंड नव्वद रुपयांच्या आसपास होता, परतीचा विचार करू लागली तेव्हा शंभराच्या पुढे होता. आम्ही पर्वरीचा भूखंड विकला आणि उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज काढले. तारण म्हणून डिचोलीचे घर द्यायचे ठरले, तर एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या, उताऱ्यावर यजमानांच्या दोन चुलत भावांची नावे निघाली. भाऊ चांगले, ताबडतोब संमती दिली; पण एक भाऊ बोटीवर, त्याची सही येईपर्यंत दोन महिने गेले आणि व्हिसाची तारीख जवळ आली. गोव्यात वडिलोपार्जित घर तारण ठेवणाऱ्या प्रत्येकाने ऑफर येण्याची वाट न पाहता आपला उतारा आधी काढून पाहावा. आणि एवढी रक्कम उभी करणे म्हणजे मुलाच्या भविष्याबरोबर घरातील इतरांचे भविष्यही बांधणे असते. आमचा धाकटा मुलगा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला, बाहेर गेला नाही. त्याने कधी शब्दाने बोलून दाखवले नाही, पण मी ते विसरलेले नाही.

अभ्यासक्रमाविषयी माझे मत फार चांगले आहे. पहिली दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया आणि पशुपालन यांची. पुढे रोगनिदान, परजीवी, औषधे. अखेरचे वर्ष पूर्णपणे रुग्णालयात, एका विभागातून दुसऱ्या विभागात. गाय गाभण आहे का हे हाताने तपासण्याचा सराव आधी यंत्रावर केला जातो. सेरा बेली या प्राध्यापिकेने तयार केलेल्या हॅप्टिक काऊ या यंत्रात हात घातला की संगणक गर्भाशयाचा स्पर्श जसाच्या तसा हाताला देतो, आणि शिक्षकाला पडद्यावर दिसते की विद्यार्थ्याची बोटे कुठे आहेत. खऱ्या गायीच्या बाबतीत विद्यार्थी आत काय चाचपतो आहे हे शिक्षकाला कधीच दिसत नसे; आणि शिकाऊ हातांचा त्रास मुक्या जनावराला होई, तो वाचला.

याशिवाय प्रत्येक विद्यार्थ्याला सुट्टीत शेतावर आणि दवाखान्यांत काम करावे लागते. तिच्या वेळी मूळ नियम १२ आठवडे पशुपालनाचे आणि २६ आठवडे दवाखान्याचे असा ३८ आठवड्यांचा होता. कोविडमुळे तो पुढे शिथिल झाला. मार्च २०२० मध्ये ती मेंढ्यांच्या विणीच्या हंगामासाठी एका शेतावर जाणार होती आणि त्याच आठवड्यात टाळेबंदी लागली, आपल्याकडची विमानेही थांबली. वसतिगृहाच्या एका खोलीत ती तीन महिने राहिली. विद्यापीठाने जेवण दिले, वर्ग संगणकावर चालवले, दर आठवड्याला एक शिक्षिका फोन करून चौकशी करी. या व्यवसायात मनावर येणारा ताण तिकडे लपवला जात नाही, हे मला तेव्हा समजले. व्हेटलाइफ नावाची संस्था पशुवैद्यांना आणि विद्यार्थ्यांना चोवीस तास फोनवर आधार देते आणि तिचा क्रमांक पहिल्याच आठवड्यात सर्वांना दिला जातो. पुढच्या वर्षी मेंढ्यांची वीण तिला मिळाली. रात्री दोन वाजता, गुडघाभर चिखलात, आडव्या आलेल्या कोकराचा पाय सरळ करून तिने ते बाहेर काढले आणि पहाटे मला फोन केला. तिचा आवाज मी अजून विसरलेले नाही.

एका विषयाबद्दल पालक मला कुजबुजत विचारतात, म्हणून तोही लिहिते. कत्तलखान्यातील पाहणी या अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग आहे, आणि तिथे गायीही असतात. आमच्या घरात गोठ्यातील गायीला वसुबारसेला ओवाळले जाते. मुलगी जाण्याआधी हे आम्हाला ठाऊक असते तर मी कदाचित कचरले असते. ती पहिल्या दिवशी तिथून आली तेव्हा जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला सांगितले, ‘आई, त्या जागेत जनावराच्या बाजूने उभा असणारा एकच माणूस असतो आणि तो पशुवैद्य असतो. ते घाबरलेले आहे का, घसरले का, बेशुद्ध झाल्याची खात्री झाली का, हे तोच पाहतो.’ ज्या घरांना हे पेलणार नाही त्यांनी अर्जाआधीच मुलांशी मोकळेपणी बोलावे. प्रवेशानंतर यातून सुटका नसते.

मला स्वतःला सर्वांत भावलेला भाग संवादाच्या शिक्षणाचा आहे. तेथे नट-नट्यांना जनावरांचे मालक म्हणून बसवतात. कोणी चिडलेला शेतकरी होतो, कोणी चौदा वर्षांच्या कुत्र्याला निरोप देणारी वृद्ध बाई होते, कोणी पैसे नसलेला तरुण. विद्यार्थ्याने त्यांच्याशी बोलायचे आणि मग त्या बोलण्याची शब्दन् शब्द तपासणी होते: कुठे घाई केली, कुठे ऐकून घेतले नाही, कुठे अवघड शब्द वापरून आड लपलात. भाषा शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि बोलणे हा वैद्यकाचा भाग मानून त्याचे गुण देणारी व्यवस्था पाहून मला फार समाधान वाटले. आमच्या घरी कोकणी बोलली जाते, शाळा मराठीत झाली, आणि हे प्रशिक्षण इंग्रजीत. पण सुट्टीत आलेली मुलगी भावाच्या शेजाऱ्याशी भाकड म्हशीविषयी बोलताना आधी पाच मिनिटे नुसती ऐकत होती, ते मी पाहिले आहे. पूर्वी ती सर्वांच्या आधी बोलत असे.

त्रुटीही आहेत आणि त्या भारतात परतू इच्छिणाऱ्यांनी लक्षात घ्याव्यात. म्हैस तिकडे जवळजवळ शिकवली जात नाही. घटसर्प आणि फऱ्या हे गुरांचे रोग पुस्तकात असतात, डोळ्यांसमोर क्वचित. गोचीडतापाचे कुत्रे गोव्यात रोज दवाखान्यात येतात, तिने पाच वर्षांत मोजकेच पाहिले. लाळ्या-खुरकूत रोगाची तर गोष्टच वेगळी: आपल्याकडे तो लस देऊन आवरायचा रोग, आणि तिकडे २००१ मध्ये तो शिरला तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्या रोगाची धास्ती किती खोल आहे हे मला विमानतळाच्या नियमांवरून उमगले. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. मी पहिल्या वर्षी माहेरच्या गायीच्या तुपाची बरणी तिच्या सामानात भरली होती. मुलीनेच ती निघण्याच्या आदल्या रात्री काढून ठेवली आणि गोठ्यात वापरलेले बूटही घरीच सोडले. तेव्हा मला वाईट वाटले होते. आता वाटते, कागदावर प्रवेश मिळण्याआधीच ती पशुवैद्य झालेली होती. जाणाऱ्या मुलांच्या आयांनी मसाले, कोकम, सोले खुशाल द्यावीत, तूप देऊ नये.

उलट काही गोष्टी तिने तिथून अशा आणल्या की ज्यांची येथे गरज आहे. प्रतिजैविके सहज न देण्याची शिस्त ही त्यांतील पहिली; आपल्याकडे दुकानातून औषध आणून गायीला टोचणे सर्रास चालते. वेदनाशामकांविषयीची जाणीव ही दुसरी. डायक्लोफेनॅक दिलेल्या मेलेल्या गुरांचे मांस खाऊन आपली गिधाडे नाहीशी झाली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध भारतात बंद करावे लागले, हा इतिहास तिला स्कॉटिश प्राध्यापकाने शिकवला. घरी आल्यावर तिने मामाच्या गोठ्यातील औषधांचा डबा उपडा करून प्रत्येक बाटलीचे नाव वाचले.

आता पुन्हा मूळ मुद्द्याकडे येते. मुलगी सध्या इंग्लंडच्या पश्चिम भागात गुरे आणि पाळीव प्राणी दोन्ही पाहणाऱ्या दवाखान्यात नोकरी करते. गेल्या चतुर्थीला ती घरी आली होती आणि आम्ही सगळे माझ्या माहेरी होतो. रात्री अकराच्या सुमारास शेजारचे गृहस्थ धावत आले: गाय दुपारपासून अडली होती, वासराचे फक्त एकच पाऊल दिसत होते. गावात पशुवैद्यक मुलगी आली आहे ही बातमी सर्वांना होती. मुलगी गोठ्यात गेली, गाय पाहिली, आणि तिने पहिले काम केले ते सरकारी पशुवैद्यांना फोन करण्याचे. तिचे नाव येथील नोंदवहीत नाही आणि नोंदणीशिवाय उपचार करण्यास कायद्याने मनाई आहे. डॉक्टर येईपर्यंत तिने गायीला उभे ठेवले, पाणी गरम करवून घेतले, कोणी पाय ओढू नये म्हणून चार माणसांना थोपवले. डॉक्टर आले, त्यांनी तिला विचारून सर्व स्थिती समजून घेतली, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिने विजेरी व दोरी धरली. वासरू जिवंत आले. शेजारी मात्र मला नंतर म्हणाले, ‘वहिनी, एवढे शिकून आली आणि हात लावला नाही?’

त्या प्रश्नाचे उत्तर २०१८ मध्ये पणजीच्या त्या कार्यालयात मिळायला हवे होते. मुलीने आता पदवी, विषयवार गुणपत्रिका आणि ब्रिटनच्या नोंदणीचा दाखला जोडून परिषदेकडे लेखी विचारणा केली आहे. परत येऊन सत्तरीत काम करण्याची तिची इच्छा आहे, आणि पाच वर्षांच्या अभ्यासाइतकाच हा पत्रव्यवहारही त्या इच्छेचा भाग आहे, हे आम्ही उशिरा शिकलो.

सल्लागार कार्यालयाला मी पाचपैकी दोन तारे देते: व्हिसा आणि कागदपत्रे यांसाठी त्यांच्याकडे जावे, शाळेच्या निवडीसाठी जाऊ नये. अभ्यासक्रमाला पाचपैकी साडेचार. अर्धा तारा म्हशीसाठी राखला आहे. दिवाळीनंतर मला फोन करणाऱ्या पालकांना त्या वर्षाच्या प्रवेशासाठी मी काहीच मदत करू शकत नाही, कारण १५ ऑक्टोबर तोवर उलटलेला असतो. बारावीचा निकाल लागल्याबरोबर परिषदेला आणि विद्यापीठांना पत्रे टाकावीत. उत्तरे यायला दोन-दोन महिने लागतात.